पंचेचाळीसच्या अलीकडे

५ एप्रिल २०२१
आरोग्य केंद्रात डॉक्टर कीर्ती मॅडमनी दिल्लीचा आदेश वाचून दाखवला – फ्रंटलाइनवाल्यांची नवी नोंदणी बंद. लस फक्त पंचेचाळीसच्या वरच्यांना. नाथाजी दारातच उभा होता. वय त्रेचाळीस. गावातले पेशंट वडूजला, साताऱ्याला तोच जीपमधून नेतो. अ‍ॅम्ब्युलन्स मिळतेच कुठे!
"सिस्टर, मी काय पेशंटपास्नं लांब बसतो व्हय?"
मी यादी दाखवली. दुसरं काय दाखवणार?

७ एप्रिल
पाच वाजता बाटलीत दोन डोस उरले. उघडलेली बाटली चार तासच चालते. यादीतल्या चौघांना फोन केले. एकजण म्हणाला, "ताप येतुया म्हणं, नगं." बाकीचे उचलेचनात. बाहेर नाथाजी जीप धूत होता. मॅडमना विचारलं. "चंदना, उद्या वरून विचारलं तर काय सांगशील?"
फेकले. नाथाजीने खिडकीतून बघितलं. परत जीप धुवायला लागला.

९ एप्रिल
लस संपली. लोक येतात, परत जातात. शिव्या मी खाते.

११ एप्रिल
नाथाजीचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. दोन दिवस ताप लपवून गाडी चालवत होता. आज त्याचा भाऊ जयराज चालवत होता, आणि हा मागे, बायकोच्या, मनुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून. साताऱ्यात बेड मिळेना. शेवटी सांगलीला नेलं.
इथून निघताना म्हणाला, "पंचेचाळीस कवा हुयाचं वो सिस्टर?" आणि हसला. मला हसता आलं नाही.

१६ एप्रिल
नाथाजी गेला.
सात तारखेला टोचलं असतं तरी चार दिवसांत लस काम करत नाही. माहीत आहे मला. नियमही वेडा नाही – म्हातारी माणसं जास्त मरतात, एवढ्या मोठ्या देशात कुठून तरी सुरुवात करावीच लागते. पण यादी करणाऱ्यांना नाथाजी दिसत नव्हता. मला रोज दिसत होता.

१७ एप्रिल
लस आली. संध्याकाळी एक डोस उरला. मॅडम मीटिंगला गेलेल्या. जयराज पेशंट पोचवून परत आला होता – वय चौतीस. आत बोलावलं.
"माझं न्हाई बसत वयात, सिस्टर."
"बाही वर कर."
नोंदणीच्या पोर्टलने वय घेतलं नाही. वहीत नाव लिहिलं, वयासकट. खाली माझी सही.

१९ एप्रिल
दुपारी नोटीस हातात पडली – जयराजच्या डोसबद्दल तीन दिवसांत खुलासा द्या. संध्याकाळी बातम्यांत सांगितलं, एक मेपासून अठराच्या वरच्या सगळ्यांना लस.