प्रभाग कोल्डानय

प्रभाग पाच, दि. ५ ऑगस्ट

ती. लोटननानास,
गजराचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसते हं हं करता आणि मध्येच तो वहिनीच्या हातात देता, म्हणून पत्र. इकडे सर्व क्षेम आहे. नळाला पाणी नाही, पण ती काही बातमी नव्हे. बातमी अशी की तुमचे चिरंजीव, आमचे लाडके नगरसेवक भाग्येश यांनी ठराव मांडला आहे. प्रभागांना नंबर नकोत, जागेची ओळख सांगणारी नावे हवीत. नंबराने माणसाला कैदी असल्यासारखे वाटते म्हणे. आम्हाला आजवर तहानलेले वाटत होते, ते बहुतेक चुकून.

तर आमच्या पाच नंबरला त्यांनी सुचवलेले नाव आहे जलविहार! विहार म्हणजे मी आणि शेजारची जसोदाबाई हंडे घेऊन हायवेच्या हातपंपापर्यंत करतो तो असावा. त्यांच्या बंगल्याला बोअर आहे, त्यांना असे शब्द सुचायचेच. मला मात्र रुपाची काळजी आहे. लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, पण बाळंतिणीला न्हाऊ घालायला पाणी कुठून आणू? तुम्ही मास्तर होता, पोराला जरा शब्दाचा अर्थ सांगा.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशी असू द्या, आटवू नका.

तुमची
गजरा


ब्राह्मणपुरी, दि. १२ ऑगस्ट

चि. गजरास,
अनेक उ. आ.

तुझे पत्र पोचले. तिखट मीठ तुझ्या हातचेच होते. कळवण्यास आनंद होतो की जलविहार हा शब्द भाग्येशचा नसून माझा आहे. दोन दिवस कोश चाळून काढला. तुझ्या प्रभागात दारोदार नळ आहेत की नाहीत? मग पाणी ही पुढची पायरी. बारसे आपण पोर चालू लागल्यावर करतो का?

हरकत घ्यायची तर घे, तुला कोण अडवणार? पण यंदा त्याचे तिकीट गेले, तर तो माझ्या पपईच्या शेतात बसून मला सल्ले देईल, एवढे ध्यानात ठेव. रुपाला जप. तुझी वहिनी डिंकाचे लाडू धाडते आहे. रागात असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
लोटन


प्रभाग कोल्डानय, दि. १४ ऑक्टोबर

ती. नानास,
सा. न. वि. वि.

वरचा पत्ता नीट वाचा. हरकत ऐकायला आलेले साहेब पुण्याकडचे, फार सभ्य. त्यांनी विचारले की लोक या भागाला काय म्हणतात. मी खोटे कशाला बोलू? कोल्डानय म्हणतात असे सांगितले, आणि गल्लीतल्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या. साहेबांना नाव फारच गोड वाटले. जुन्या नदीचे असेल म्हणाले, आणि बोलीतले स्थाननाम जपलेच पाहिजे असा शेरा मारला. आपल्या अहिराणीत नळाचा नय होतो आणि कोरड्याचा कोल्डा, हे त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. चिरंजीव तेव्हा दुसऱ्या गल्लीत फीत कापत होते.

नाव छापून आल्यावर भाग्येश धावत आला. म्हणाला की आत्या, तू मन्हं नाक कापी टाकं. चहा देणार होते, पण पाणी संपलेले. बिचारा तसाच गेला.

हसले खरी नाना, पण रडूही आले. रुपा इकडे येऊ शकत नाही. उद्या मीच लोणखेड्याला तिच्या सासरी जाते. आईने लेकीच्या सासरी जाऊन बाळंतपण करायचे, हे मला फार लागले आहे. माझ्यामागे तो आता मते कोणत्या तोंडाने मागतो ते कळवा, आणि लेकाइतकीच बहिणीचीही बाजू घेत जा.

तुमची
गजरा


ब्राह्मणपुरी, दि. २६ नोव्हेंबर

चि. गजरास,
अनेक उ. आ.

रुपाला मुलगी झाल्याचे कळल्यापासून तुझी वहिनी गल्लीभर पेढे वाटत सुटली आहे.

आता प्रचाराची हकीकत. बापाच्या पांढऱ्या केसांना मते पडतात अशी भाग्येशची समजूत, म्हणून मलाही नेले. जसोदाबाईच्या दारात त्याने प्रभाग पाचचा उमेदवार म्हणून हात जोडले. ती म्हणाली की आठे पाच नंबर नही शे, पुढे देख. पाच नंबर इथे नाहीच म्हणे! पुढच्या दारी तेच, त्याच्याही पुढच्या दारी तेच. एकीनेही ओळख दिली नाही. शेवटी तो गल्लीच्या मधोमध उभा राहून मोठ्याने म्हणाला की मी कोल्डा नयना नगरसेवक शे.

मला वाटले, बाया हसतील. कोणी हसले नाही गं. जसोदाबाईने त्याला तुझ्या दारातल्या नळापाशी नेले आणि तोटी फिरवायला सांगितली. तो फिरवत राहिला, बाया बघत राहिल्या. माझ्या जलविहाराची मला फार लाज वाटली.

मग तो मला इथे सोडायला आला. मी उतरताना त्याने हळूच विचारले की आबा, नळाची लाईन टाकायची तर कोणाला भेटावे लागते. दोनदा निवडून आलेला नगरसेवक, गजरा, आणि हे तो मला विचारतो.

नातीला आशीर्वाद. लोभ असू दे, त्याला लाईन लागत नाही.

तुझा
लोटन