तिसऱ्या भागात ती कुठंच नाही

प्रिय सौम्या,

तू नंबर बदलल्यापासून माझ्याकडे तुझ्या पुण्यातल्या ऑफिसचा पत्ता तेवढा उरलाय. तिथं फोन केला तर तुझं नाव ऐकूनही कुणी जोडून देत नाही. म्हणून हे कुरिअरनं पाठवतेय. पाकिटावर बेळगाव बघून दचकशील, पण शेवटपर्यंत वाच.

परवा मी ती मुखवटेवाल्या खुन्याच्या सिनेमांची मालिका पुन्हा बघायला घेतली. आई ओरडली, "तुला अजून कसं बघवतंय गं हे?" तिला काय सांगू! मला खून बघायचे नव्हते, आपले प्रश्न शोधायचे होते. पहिल्या भागात त्याचं बोट तुटतं, तिसऱ्यात सगळी बोटं शाबूत. दुसऱ्याच्या शेवटी तो गिरणीत जळतो आणि पुढच्यात तळ्यातून वर येतो. मागचं दार आतून कुणी उघडलं, हे तर शेवटपर्यंत कुणी विचारतच नाही. वडगावात तुमच्या माडीवर दुपारी आपण हे बघायचो. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून पडद्यावर खाली येणाऱ्या ओळी वाचायच्या. तुझ्या मते मुखवट्यामागं दोघं होते, आणि ते पटवायला तू माझ्याशी तासन् तास भांडायचीस. तुझा भाऊ, सौरवअण्णा, दाराशी बसून बघायचा. पळणारी पोरगी ठेचकाळून पडली, की तो एकटाच हसायचा. आपल्याला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मला छळायचा तो प्रश्न वेगळाच. पहिल्या भागात जी वाचते, तिचं पुढं काय होतं? दुसऱ्यात तिच्या जागी भलतीच नटी, तिसऱ्यात तिचं नावसुद्धा कुणी काढत नाही. आता मला ठाऊक आहे. ती शहापुरात साडीच्या दुकानात कामाला लागते. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालते. मागून हेल्मेटवाला आला, की स्कूटर कडेला घेते आणि तो दिसेनासा झाल्यावरच निघते. कुठलाही जिना असो, ती भिंतीला पाठ लावून चढते.

लग्नाला नाही म्हटल्याचा राग धरून सौरवनं मला तुमच्या जिन्यात गाठलं, तेव्हा मी लई ओरडले गं. पण मागांपुढं माझा आवाज कुठवर जाणार? मग करंट गेला, माग थांबले. सगळी गल्ली एकदम गप्प झाली आणि माझं ओरडणं तेवढं उरलं. तू धावत आलीस आणि त्याच्या हातातली सुरी पात्याकडून धरलीस. कोर्टात त्यांच्या वकिलानं मला तसंच पकडलं, जसं आपण सिनेमांना पकडायचो. आधी सुरी उजव्या हातात म्हणालात, आता डाव्या म्हणता, मग खरं कुठलं? तुझी साक्ष आली तेव्हा तू म्हणालीस, "कुठल्याबी हातात असू दे. माझ्या भावानं मारलंय, मी बघितलंय." तुझ्या आईनं, अंबुबाई काकूंनी, तिथंच तुझ्याकडं पाठ फिरवली. त्यानंतर तुला घराचा उंबरा बंद झाला.

आता जे लिहायचंय ते पहिल्याच ओळीत यायला हवं होतं, पण हात तिकडं वळतच नव्हता. सौरव सुटलाय. काल दुपारी दुकानात आला. केस पिकलेत, खूप वाळलाय. मी गल्ला धरून उभी राहिले. त्यानं माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. समोरच्या साडीवरून हात फिरवत म्हणाला, "सौम्या कुठं असतीय गं आता?" माहीत नाही म्हटलं. तर हसला. "असू दे. आई आजारी हाय म्हटलं की येतीय ती." तो गेल्यावर मी तशीच पोलिसांत जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं तेवढंच. आज सकाळी मुद्दाम तुमच्या गल्लीत गेले. काकू ठणठणीत आहेत, दारात पाणी भरत होत्या. मला बघून घागर तिथंच टाकून आत गेल्या. सौम्या, तुझा नवा नंबर तुझ्या परशराममामांकडं आहे, मला ते देत नाहीत; त्यांचा फोन येईल. डॉक्टरांनी आशा सोडली म्हणतील. येऊ नकोस. आणि काकू स्वतः फोनवर येऊन रडल्या, तरी येऊ नकोस.

येऊ नको म्हणणारी, तरी तुझीच,
नीलम