वाढलेल्या बांगड्यांची भिंत

माय,

तलवाड्याच्या आपल्या अंगणवाडीत मी लेकरांसाठी काचेची भिंत केलीय, आणि तिला कुणी हात लावत नाही. दोन काचांमध्ये बांगड्यांचे तुकडे, मागे दिवे. लेकराने तळवा टेकवला की तिथला दिवा लागतो आणि त्याच्या अंगावर हिरवे-लाल ठिपके पडतात. पहिल्या सकाळी नुसता कल्ला होता. एक शेंबडी पोर भिंतीला पोट लावून उभी राहिली नि सगळी उजळली, तेव्हा तुझी फार आठवण आली.

मग एका म्हातारीने कौतुकाने विचारलं, "लई झाक हाय गं. पर एवढ्या बांगड्या कुठल्या?" मी सांगून बसले, "कासाराकडच्या. फुटलेल्या."

"फुटलेल्या?" म्हातारीचा चेहरा उतरला. तिच्या सुनेने त्या पोरीला ओढून कडेवर घेतलं. "हात लावू नगं त्येला!" दुपारपर्यंत अंगणवाडी रिकामी. सेविकाबाई म्हणतात, भिंत काढा, पोरं खिचडीलाही येईनात. उद्या काढायची आहे. माझा जीव तुटतोय.

तू असतीस तर माझं थोबाड रंगवलं असतंस. लहानपणी चुलीपाशी माझी बांगडी गेली आणि मी "फुटली" म्हणाले, तेव्हा तू पिठाच्या हाताने माझं तोंड दाबलंस. "फुटली म्हणू नगं. बांगडी वाढली म्हनावं." मला ते खरंच वाटलं. मी तुकडे खुराड्यामागे पेरले आणि रोज पाणी घातलं. उगवले नाहीत, पण ऊन पडलं की चमकायचे. तू हसलीस, उपटले नाहीस.

मग बा गेला तो दिवस. बायका तुला दगडापाशी बसवून बांगड्या फोडतात. त्या पांगल्यावर मी ओच्यात तुकडे गोळा करते आणि म्हणते, "माय, तुझ्या बांगड्या वाढल्या." शब्द बरोबर आला म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत राहते.

तू म्हणतेस, "न्हाई बाई. ह्या फुटल्या."

त्या म्हातारीला तेव्हाच म्हणता आलं असतं, आजी, चुकलं, वाढलेल्या आहेत. एका शब्दाने भिंत वाचली असती. गाव म्हणतं, पुण्याला राहून ही बोलायचं विसरली. म्हणू दे. पाठवायचं कुठे, म्हणून इथेच लिहून ठेवते: विसरले नाही गं. बा गेला त्या दिवसापासून तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही.