सोसायटीच्या शिक्क्याखालचे माझे अक्षर

मी, अंजली अर्जुन भादेकर, वय चौसष्ट वर्षे, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार सुप्रभा सहकारी गृहरचना संस्था, चिंचवड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कोणी दडपण आणलेले नाही. रक्तदाब सोडला तर प्रकृती बरी आहे. बुद्धी शाबूत आहे, आणि स्मरणशक्ती हवी त्याहून चांगली आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे खरे आडनाव सोनकांबळे. वडील औसा तालुक्यातल्या भादा गावाहून पिंपरीला कारखान्यात आले. कॉन्व्हेंटमध्ये माझे नाव घालताना तिथल्या एका सिस्टरने त्यांना हळूच सुचवले, गावाचे नाव लावा, मुलीला सोपे जाईल. तिने ते मायेने सांगितले. माझा हात हातात धरून तिनेच मला अक्षर वळवायला शिकवले. तिच्या बाहीला साबणाचा वास यायचा, तो अजून आठवतो. दोघांची फी झेपणारी नव्हती. धाकटा भाऊ विलास नगरपालिकेच्या शाळेत गेला आणि सोनकांबळेच राहिला.

२. माझी चार पुस्तके आहेत, चारही समतेविषयी. एका सत्कारात अध्यक्ष म्हणाले, “बाईंचं मोठेपण हे, की त्या वस्तीत जन्म न घेताही त्यांनी हे दुःख आपलं मानलं.” त्याच वस्तीतल्या नळावर माझी आई हंडे भरत असे. मी शाल घेतली, आभार मानले आणि खाली बसले. पुस्तकांचे हक्क विलासची मुलगी विजयश्री हिला. पुन्हा छापली तर खऱ्या आडनावाने छापावीत. न छापली तरी चालेल.

३. बँकेतली ठेव घरकामाला येणाऱ्या कस्तुराला. ती आमच्याच समाजातली आहे. अकरा वर्षांत तो विषय तिने काढला नाही, मीही नाही. चौदा एप्रिलला ती “पाहुणे आलेत” म्हणून सुट्टी मागते आणि मी “बरं” म्हणते.

४. माझी राहती सदनिका क्रमांक अकरा विलासला. कारण लिहिणे भाग आहे.

तेरा वर्षांपूर्वी विलासने आमच्याच इमारतीतली रिकामी सदनिका पाहिली. तो चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत होता. बहिणीजवळ राहावे असे त्याला वाटले. माझी अडचण होईल म्हणून त्याने आमचे नाते कोणाला सांगितले नाही. सोसायटीचा सेक्रेटरी निरंजन पाटसकर माझ्याकडे आला.

“काकू, माणूस सज्जन आहे हो. पण एक आला की त्यांचे सगळेच येतात. मेंबरं कुरकुर करतायत. तुम्ही लेखिका, जरा सभ्य भाषेत नकार लिहून द्या ना.”

मी लिहून दिला. चार ओळी. अक्षर चांगले म्हणून त्याने तो टाइपही केला नाही. खाली शिक्का मारला आणि पाठवला.

विलासने चाकणजवळ निघोज्यात घर बांधले. आमचे बोलणे थांबले. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेले आणि फ्लॅट तुझ्या नावे करते असे सांगितले.

“पत्र लई छान लिहिलं होतंस, आक्का,” तो म्हणाला. “एक शब्द टोचणारा नव्हता. सिस्टरनं शिकवलेलं वाया नाही गेलं.”

“चुकलं माझं, विलास.”

“मग सभेत सांग. हा माझा भाऊ, एवढंच. फ्लॅटचं मागनं बघू.”

विजयश्री चहा देत होती. “आत्या, नाही जमणार तुम्हाला,” ती म्हणाली. “राहू द्या.” ती रागाने बोलली नाही. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी, तसे बोलली.

परवा रविवारी वार्षिक सभा झाली. पार्किंग, पाण्याचे टँकर. शेवटी निरंजनने विचारले, “आणखी कोणाला काही बोलायचंय?” मी उभी राहिले. “बोला काकू.” मी लिफ्टबद्दल बोलले.

म्हणून हे लिहिते. मेल्यावर बोलायला धैर्य लागत नाही, हे मला कळते. विलासने हे घर घ्यावे, विकावे की नाकारावे, हा त्याचा अधिकार. तो घेणार नाही असे मला वाटते. चार पुस्तके लिहून मी मलाच बदलू शकले नाही, तर निरंजनला काय बदलणार.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. विलास आला तर त्याच्या हातून. न आला तर वाट पाहू नये. भादेकर काकूंकडे भन्ते कसे, असे शेजारी विचारतील. त्यांना विजयश्रीने उत्तर द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

सही बँकेत चालते तीच करा, नाहीतर वाद होईल, असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून खाली भादेकरच. साक्षीला डॉ. स्नेहल गव्हाणे आणि, शेजारी म्हणून, निरंजन येत आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. निरंजन आला की मी कागद दुमडून धरीन आणि त्याला फक्त सहीची जागा दाखवीन.

स्थळ: चिंचवड
दिनांक: २३ सप्टेंबर २०२५

लिहून ठेवणार: अंजली अर्जुन भादेकर

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. डॉ. स्नेहल मालोजी गव्हाणे
२. निरंजन सदाशिव पाटसकर, सेक्रेटरी