दुसरीच्या नावावर टाकलेलं गाणं

माय, तुला यातलं काही आठवणार नाही हे धरूनच मी बोलायला बसले आहे. तुला कधी काय आठवलं गं? नंदुरबारच्या बाजारात मला भोपळ्यांच्या ढिगाजवळ उभी करून गेलीस आणि घरी पोचलीस तेव्हा तुझ्या काखेत भोपळा होता, मी नव्हते. बाबांनी विचारलं, "पोर कुठंय?" तर तू भोपळ्याकडे पाहिलंस म्हणे. मी तिथे रडत नव्हते, गुळाच्या दुकानदाराने मला गूळ दिला होता. तू धापा टाकत परत आलीस आणि मलाच रागावलीस, "तू कसाले ऱ्हायनी इठे?" डाळीत दोनदा मीठ, दुधाला विरजणच नाही, शेजारणीचं सूप घरात आणि आपलं सूप कोणाच्या घरात ते देवाला ठाऊक. आता वर जाऊन तर तुला इतकी वर्षं झाली की मी कोण हेही सांगावं लागेल. मी तुझी मधली. भोपळ्याऐवजीची.

मी सांगते आहे आणि सून लिहिते आहे. मला अक्षर येत नाही. तुलाही येत नव्हतं, तेव्हा त्यावरून तू काही बोलू नकोस. मी आपल्या बोलीत बोलते आणि ती शाळेतल्या मराठीत उतरवते, त्यामुळे मी आहे त्याहून शहाणी वाटेन. वाटू दे. कोणी तोंडाने जे बोललं ते मात्र तसंच ठेव असं मी तिला बजावलं आहे. तिने मान हलवली, पण तिची मान मला माहीत आहे.

तुझी पणती म्हणजे माझी नात, या लिहिणाऱ्या सुनेची लेक. तिला तू पाहिलं नाहीस. नाक तुझं आहे, विसरणं मात्र नाही. ती शहाद्याच्या कॉलेजात शिकवायची, तासांच्या हिशोबाने, कायमची नाही. शनिवार-रविवार आला की स्कूटी काढायची आणि निघायची, कधी रनाळ्याला, कधी पार खांडबाऱ्यापर्यंत, कुठे म्हातारी गाणारी आहे असं कळलं की तिच्या ओट्यावर जाऊन बसायची. फोनमध्ये तिचं स्वतःचं एक पान होतं, त्याला ब्लॉग म्हणतात. गाणं कुठलं, कोणी गायलं, कधी गातात, हे ती त्यावर लिहायची आणि खाली गाणं ऐकायला ठेवायची. लग्नातली गाणी, गौराईची गाणी, बँडवाल्यांच्या जुन्या चाली, सगळं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लिहीत बसायची आणि शेगडीवर दूध उतू जायचं. माझी सून म्हणायची, "त्या पानाचे पैसे नाहीत, मार्क नाहीत, दूध तेवढं जातं." कॉलेजातलेही तेच सांगत, मोठ्या नोकरीला अर्ज करायचा तर आधी हा छंद बंद कर. पोर म्हणायची, "दोन्ही करेन." दूध पुसायची आणि पुन्हा लिहायला बसायची.

त्या पानावर सगळ्यात जास्त गाणी माझी होती. म्हणजे तुझी. आखाजीची, अक्षय्यतृतीयेला म्हणायची. तीच गं, नदीच्या अलीकडे आपल्या गावच्या बाया आणि पलीकडे त्या गावच्या, आणि मधल्या पाण्यावरून एकमेकींच्या नवऱ्यांची, सासवांची, चुलीची अब्रू काढायची. तू पदर खोचून पुढे उभी राहायचीस. "पल्याडनी बाई, तुन्ही चूल पडनी थंडी, तुन्हा नवरा फिरस गल्लीमा लिसनी हंडी." या दोन ओळी सुनेने लिहिल्या. पुढच्या दोन लिहीत नाही. म्हणते, "आई, मला उद्या शाळेत पोरांना शुद्धलेखन घालायचंय त्याच पेनाने." पोरीने मात्र त्याही पानावर ठेवल्या होत्या, माझ्या आवाजात, आणि खाली लिहिलं होतं की गाणारी माझी आजी आणि तिला शिकवणारी तिची आई. तुझं नाव, तुझं गाव. लांब लांबच्या माणसांनी ते ऐकलं. त्यात हैदराबादच्या मोठ्या विद्यापीठातल्या एक मॅडम होत्या. पोरीने नोकरीचा अर्ज केला होता तो त्यांच्याच विभागात.

त्या मॅडम कसल्याशा भाषणाला नंदुरबारला आल्या आणि पोरीला म्हणाल्या, मी तुझ्या आजीला भेटते. ही गाणी खरंच तुझ्या घरची असतील तर ती तुझ्या कामातच घेता येतील. हैदराबादला शिकवशील आणि सुट्टीत इकडे येऊन गोळा करशील, कोणी छंद म्हणणार नाही. पोर घरी आली ती उड्या मारत. माझ्या गळ्यात पडली. "आजी, फक्त तू नेहमीसारखी बोल, बाकी काही नको." आता माय, नेहमीसारखं बोलणं ही माझ्यासाठी किती सोपी गोष्ट! आयुष्यभर दुसरं काही केलं नाही.

मॅडम आल्या. मऊ सुती साडी, पांढरे केस, आवाज असा की मांजर उठू नये. माझ्या पाया पडल्या. मी ओटीवर खाटेवर बसलेली, सून चहा घेऊन उभी, पोर फोन धरून खाली चटईवर. मागच्या अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, आणि आपल्या शेतावर तण निंदायला येते ती बाई तिथे बसून देठं काढते आहे. मॅडम वही उघडतात, पेनाचं टोपण काढतात आणि सुनेने न लिहिलेल्या त्या दोन ओळींतला तो शब्द, तोच, अगदी देवळातला शब्द असावा तसा उच्चारून विचारतात, "आजी, याचा नेमका अर्थ काय?"

मला काय झालं ते मी अजून सुनेलाही सांगितलं नाही, आता सांगते म्हणून ती थांबून ऐकते आहे. नदीवर म्हटलेलं पाण्यावरून जातं. फोनमध्ये म्हटलेलंही मला तसंच वाटत होतं, हवेतलं. पण त्या बाईच्या हातात पेन होतं आणि पेन माझ्या तोंडाकडे बघत होतं. मला एकदम माझ्या घराचं दार, माझ्या नवऱ्याचं आडनाव, शेत, विहीर, सगळं दिसलं, आणि त्या सगळ्यावर तो शब्द लिहिलेला. मी म्हणाले, "हे मन्हं गानं नही शे." मॅडम म्हणाल्या, "पण आवाज तर..." मी म्हणाले, "म्हातारपणी सगळ्यासना आवाज एकच व्हस." आणि मग मला कोणी विचारलं नसताना मी पुढे बोलले. म्हणाले की आमच्याकडे निंदायला येणारी एक बाई होती, तिचं ते गाणं, तिची जीभ तशीच होती. "त्यांना भेटता येईल का?" मॅडमनी विचारलं. मी म्हणाले, "ती मरी गयी बिचारी." आणि तेवढ्यात मागच्या अंगणात मिरची नाकात जाऊन ती मेलेली बाई जोरात शिंकली.

पोर खाली बघत राहिली. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. आजी खोटं बोलते आहे असं पाहुण्यांसमोर कसं म्हणणार? मॅडमनी समजूतदारपणे वही मिटली आणि म्हणाल्या, तुम्हाला येत असेल ते काहीही म्हणा. मी गणपतीची आरती म्हटली. सगळी. आपली ती सगळ्यांच्या घरची आरती, माय, जी त्यांनी जन्मल्यापासून ऐकली असणार. टाळ्यासुद्धा मीच वाजवल्या. त्यांनी हात जोडले, चहा संपवला आणि गाडीत बसल्या.

गाडी वळायच्या आत ती बाई मागच्या दाराने पाणी प्यायला आली. हात तिखट म्हणून तांब्या कोपराने उचलते ती नेहमी. पाणी प्यायली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "मोठी माय, मी कव्हय मरनू? माले तं कोन्ही सांगं नही." सून फस्सकन हसली. मीही हसायला गेले. ती मात्र हसत नव्हती. म्हणाली, "मारी टाकं ते चाली जाई. पन ते गानं मन्हं कसाले सांगं?" आमच्या घरात ती माझ्या सुनेच्याही आधीपासून येते. एवढी बोलकी मी, माय! मी चहा घे म्हणाले. तिने घेतला नाही. मिरच्यांची देठं मात्र पुरी करून गेली.

आणि पोर? तिने संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावलं, रोजच्यासारखं. मग एवढंच म्हणाली, "आजी, तुला लाज वाटत होती तर तुझं नाव मी काढलं असतं. मला आधी विचारायचंस." रागावली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. तिने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

नोकरी तिला मिळाली, ती तिच्या अभ्यासाने मिळाली, त्यात माझं काही बुडवता आलं नाही. पण मॅडमनी सांगितलं, आधी शिकवण्यात रुळ, गाण्यांचं पुढे पाहू, आणि गाणारी कोण हेच नक्की नसेल तर तोवर ते पान झाकून ठेवलेलं बरं. तिने ते झाकलं. नुसतं माझं गाणं नाही, सगळं पान. त्याबरोबर रनाळ्याच्या म्हातारीचं गाणं झाकलं गेलं, खांडबाऱ्याचीचं झाकलं गेलं, बँडवाल्यांचंही. एकीचा आवाज खोटा तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार, असं ती आईला म्हणाली, मला नाही. स्कूटी इथे अंगणात उभी आहे, त्यावर कोंबडी बसते. रविवारी हैदराबादहून तिचा फोन येतो. मी विचारते, "आज काय केलंस गं?" ती म्हणते, "कपडे धुतले." पुढच्या रविवारी पुन्हा, "कपडे धुतले." किती कपडे असतात एका पोरीचे!

मला त्या वर्षीची आखाजी आठवते आहे. मी नुकती वयात आलेली आणि पलीकडच्या काठावर माझ्यासाठी पाहिलेल्या मुलाची बहीण उभी. मी तुझ्या पाठीमागे लपून गात होते, पदर ओठांवर घेऊन. तू गाणं मध्येच तोडलंस. सगळ्या बाया थांबल्या, पलीकडच्यासुद्धा. मला दंडाला धरून पुढे ओढलंस, पार घोटाभर पाण्यात, आणि म्हणालीस, "तोंड दाखाडीसन गाय. तू कोनी पोर शे ते सांग पहिले. लपीसन म्हने ते गानं नही, ती चहाडी." आणि मला सगळ्यांसमोर माझं नाव, तुझं नाव, गावाचं नाव ओरडून सांगायला लावलंस. पलीकडून हसणं आलं, मग त्यांच्यातल्या एकीनेही तिचं नाव सांगितलं, आणि मग काय दणका उडाला! दुसऱ्या दिवशी त्याच गावची एक बाई तुझा घसा बसला म्हणून दही घेऊन आली होती. लग्न त्या मुलाशी झालं नाही ते नाही. तेव्हा मला तुझा इतका राग आला होता की मी जेवले नाही. तू विसरलीसही की मी जेवले नाही.

या आठवड्यात मी त्या निंदणाऱ्या बाईच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तीही लाजच. तिने खाट टाकली. मी म्हणाले, "मन्हं चुकनं, बाई." ती म्हणाली, "बठ ना पहिले." एवढंच. त्या मॅडमना फोनवर सांगणार का म्हणून तिने विचारलं, मी हो म्हणाले. मग घरी येऊन माझा आवाज भरून घ्यायला सुनेला फोन धरायला लावला. मी माझं नाव सांगितलं, तुझं नाव, माहेर, सासर, आणि त्या दिवशी मी खोटं बोलले, जिच्या नावावर ढकललं ती जिवंत आहे आणि ते गाणं तिचं नाही, हेही सांगितलं. मग गायले. दोन ओळी उत्तम झाल्या. तिसरीत तो शब्द आला आणि मला खोकला आला. सुनेने तसंच पोरीला पाठवून दिलं. पोरीचं उत्तर आलं, सुनेने वाचून दाखवलं: "आजी, कुठे खोकलीस ते कळलं. मॅडमना पाठवते, पण अख्खं पाठवेन. पुन्हा म्हण." तेव्हापासून मी तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा खोकले. पान अजून झाकलेलंच आहे.

खरं सांगू का, माय? काल गोठ्यात म्हशीसमोर म्हटलं तर अगदी स्वच्छ निघालं. म्हशीने कानसुद्धा हलवला नाही. सुनेसमोर निघत नाही. आता हे तिनेच लिहिलं आहे आणि ती पेन ठेवून इतकी हसते आहे की पुढचं लिहील की नाही कोण जाणे. म्हणते, "आई, उद्या मी शाळेत गेले की फोन गोठ्यात ठेवून जाते." उद्या बघू. कागद कुठे पाठवायचा म्हणून विचारते. कुठे पाठवणार, देव्हाऱ्याखाली सरकव. त्यापेक्षा पोरीचा डबा भर. ज्वारीच्या बिबड्या कच्च्याच पाठव, ती तिथे भाजून घेईल. लाल मिरची कुटून दे, आणि सांजोऱ्या दे, पण त्या आजीने केल्या असं सांगू नकोस. माझ्या तेलात फुटतात, तिला माहीत आहे.