लंगरच्या हॉलमधल्या झोळ्या

बीजी,

घरात मी तुला ‘तुसी’ म्हणायचे. मराठीत लिहायला बसले की इथल्या आयांसारखी तूही आपोआप ‘तू’ होतेस, रागावू नकोस. पथारीवर यंदाही मिरची वाळत पडली आहे, तू असताना असायची तशीच, गावाबाहेर मैदानभर लाल. वारा आपल्याकडे फिरला की गल्लीतला प्रत्येक जण एकदा तरी शिंकतो. आत्ता मीही शिंकले. स्वयंपाकघरात बसले आहे, कणीक मळून झाकून ठेवली आहे, आणि मला काही सांगायचं आहे. इथे कोणाला सांगितलं तर मी मिरवते आहे असं वाटेल. तुझ्यापुढे मिरवलं तरी चालतं.

आपला गुरुद्वारा तेव्हा दोन खोल्यांचा होता, ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागे. नंदुरबारात आपली घरं ती किती, आणि रविवारी जेवायला तीच. एका रविवारी कोपरापर्यंत पिठाने भरलेल्या हातांनी तू पापाजींना म्हणालीस, आपलीच दाल आपण एकमेकांना वाढतो आणि घरी जाताना म्हणतो लंगर झाला. पापाजी हसले. तू हसली नाहीस. पुढच्या रविवारी तू रोट्यांची टोपली डोक्यावर घेतलीस, दालीची बादली माझ्या हातात दिलीस आणि पथारीची वाट धरलीस. मी दहा-अकरा वर्षांची असेन. अजून दिसतं मला ते. बायका जमिनीवर बसून मिरचीचे देठ खुडत आहेत, नाकातोंडावर फडकी बांधलेली. सातपुड्यातून हंगामापुरत्या उतरलेल्या बायका, आपसात पावरी बोलणाऱ्या. तू त्यांच्यासमोर रोटी धरून उभी आहेस आणि सांगते आहेस, दोन्ही हात पुढे करा. आपल्यात रोटी तशीच घेतात, ओंजळीत, म्हणून. एकीचाही हात पुढे येत नाही. खुडणं तेवढं चालू राहतं. मग त्यांच्यातली एक म्हातारी तुझ्याकडे वर न बघता अहिराणीत म्हणते,

“आधी तू आमनी भाकर खाय, मंग आम्ही तुन्ही रोटी खासूत.”

तू पांढऱ्या सलवारीनिशी तिथेच मिरचीच्या धुळीत बसलीस. तिने फडक्यातली ज्वारीची भाकर मोडून दिली, वर ठेचा ठेवला. पहिल्याच घासाला तुझ्या डोळ्यानाकातून पाणी वाहायला लागलं आणि त्या बायका अशा हसल्या की मुकादम पाहायला आला. मग सगळ्या जेवल्या, बादली रिकामी झाली. मी मात्र दुपट्टा नाकाला लावून उभीच होते. घरी येताना तू मला म्हणालीस, आधी पंगतीत बसायला शीक, वाढायला नंतर.

तुझं ते जाणं पुढे रिवाजच झाला. आता गुरुद्वारा मोठा आहे, वर ग्रंथसाहिबांचा दरबार, खाली टाइल्स लावलेला लंगरचा हॉल. रविवारी पथारीवर रोट्यांचा टेम्पो जातो. तरुण मुलं भराभर वाढतात, कोणीतरी फोटो काढतं. मी जाते आणि बसते, एवढंच. यंदा थंडीत माझ्या शेजारी एक तरुण बाई होती, धडगावच्याही वरच्या पाड्यावरची. नवऱ्याबरोबर जीपने घाट उतरून दर हंगामाला येते. पथारीच्या कडेला लिंबाच्या झाडाला तिने झोळी बांधली होती आणि झोळीतलं पोर सारखं खोकत होतं. ती उठली, त्याचं नाक मनगटाच्या मागच्या बाजूने पुसलं. बोटांनी पुसता येत नाही, बीजी. मिरचीचे हात दोनदा धुतले तरी जात नाही ती आग, दूध पाजतानाही पोर रडतं. मी विचारलं, रोटी आणखी देऊ का. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण उगाच भलतंच विचारणाऱ्या पाहुण्याकडे पाहतो.

“भाकर ते आमनीबी शे, ताई. पोऱ्याले कोठे ठेवू, ते सांग.”

इतकी वर्षं आपण भाकरी असलेल्यांकडे रोट्या नेत होतो. तुझं जाणं वाया गेलं असं मी मुळीच म्हणत नाही. तू बसली नसतीस तर मीही बसले नसते, आणि उभ्या माणसाला असं कोणी सांगत नाही. पण आपल्याकडे परात होती म्हणून समोरच्याला भूकच असणार, असं आपण धरून चाललो. आणि इकडे तो हॉल, रविवार सोडला तर आठवडाभर रिकामा, खिडक्या लावलेला, धूळ नाही, ठसका नाही.

मी गुरुद्वाराच्या कमिटीपुढे विषय काढला. दिवसा पथारीवरची लहान मुलं हॉलमध्ये ठेवू. तायाजी, आम्हा सगळ्यांचे मोठे काका, आता कमिटीचे प्रधान आहेत, पापाजींच्या वयाचे ते एकटेच उरलेत. त्यांनी फरशीचं काढलं, पोरं फरशी खराब करतील, ती गुरूच्या लंगरची जागा आहे. पाठ करणारे ग्यानीजी नांदेडकडून आलेले, फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, फरशी तर आपण रोज धुतोच, आता धुवायला कारण मिळेल. सगळे हसले आणि ठराव झाला. मग आम्ही उत्साहाने काय काय केलं! सतरंज्या, घराघरांतून आणलेले स्टीलचे पाळणे, खुळखुळे, दुधाचं पातेलं. आपल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. आणि कोणी आलं नाही. आठवडा तसाच गेला. तायाजी रोज दारात उभे राहून विचारायचे, “पाळणे कशाने हलतायत पुत्तर, वाऱ्याने?”

मी परत तिच्याकडे गेले. तिने सरळ सांगितलं, ज्यांची बोली पोराला कळत नाही त्यांच्याजवळ पोर कसं टाकायचं. आमच्यातली एखादी बसली तर ठेवू. मला इतका आनंद झाला की मी हात जोडले आणि म्हटलं, मग तूच ये ना सेवेला. तिने हो अशी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला थोडा रागच आला होता. इतकं करूनही, वगैरे. मग सकाळी पोळ्या लाटताना हातातलं लाटणं थांबलं. आपल्या घरात सेवा हा शब्द लहानपणापासून गुळासारखा आहे. तिच्यासाठी हॉलमध्ये बसलेला दिवस म्हणजे संध्याकाळची बंद चूल. रोजावर जगणाऱ्या बाईला मी हात जोडून सेवेला बोलावलं होतं. हे फक्त आपल्यालाच सुचू शकतं, बीजी. आणि ती बिचारी मला तोंडावर नाही म्हणाली नाही.

पुन्हा कमिटी. तिला रोज द्यायचा, असं म्हटल्यावर तायाजी उसळले. सेवेचे पैसे कधी कोणी घेतलेत का? तुझ्या बापाने या हॉलसाठी डोक्यावरून वाळू वाहिली, कपभर चहासुद्धा घेतला नाही. हे खरंच आहे. सगळे उठायला लागले तेव्हा कुठे मला बोलता आलं.

“तायाजी, पापाजी वाळू वाहून घरी आले, तेव्हा घरी जेवण तयार होतं. म्हणून ती सेवा झाली.”

तायाजींनी दाढीतून बोटं फिरवली. मग बाकीच्यांना म्हणाले, हिची आईही अशीच होती, सगळं आवरत आलं की बोलायची. आणि चप्पल घालता घालता, हंगाम संपेपर्यंत त्या बाईचा रोज माझ्याकडून, पण त्याला सेवा म्हणू नका, काम म्हणा.

ती आली. आपलं पोर कडेवर, शेजारणीची दोन बोटाला. आल्या आल्या तिने आमचे पाळणे भिंतीकडे सरकवले आणि जुन्या साड्या मागितल्या. खिडक्यांच्या गजांना झोळ्या बांधल्या, प्रत्येक झोळीला स्वतःचं वजन टाकून पाहिलं. थोड्या वेळात तिन्ही झोपली. चार दिवसांत झोळ्या कमी पडल्या, मी तुझ्या पेटीतली फिकट हिरवी साडी दिली, पापाजींच्या हट्टाने तू एकदाच नेसलेली. दुपारी आया पाजायला येतात. नळाजवळ आम्ही मोहरीच्या तेलाची बाटली ठेवली आहे, मिरचीच्या हातांना आधी तेल चोळायचं, मग साबण. आल्याच आहेत तर जेवून जातात, आणि मीही त्यांच्या रांगेत बसते. तायाजी पंखा नीट चालतो का बघायला म्हणून येतात. काल पाहिलं तर एका हाताने झोळीला झोका देत, डोळे मिटून वाहेगुरू म्हणत होते, आणि पंखा बंद होता.

सगळ्याजणी येतात असं नाही. काही झोळ्या अजून लिंबालाच आहेत. होळीला ही माणसं वर डोंगरात जातील, पुढच्या हंगामाचं आज कोण सांगणार. तायाजी मात्र छताला कड्या बसवून घेऊया का म्हणून विचारत होते.

गेल्या रविवारचं सांगते आणि थांबते. पथारी रविवारीही चालू असते, म्हणून मुलं खाली होती आणि वर दरबारात पाठ. त्या बाईचं पोर आता रात्री खोकत नाही असं ती म्हणते, दिवसा थोडं असतं. त्या दिवशी ते कोणाकडेच राहीना, शेवटी माझ्या मांडीवर झोपलं, तोंड उघडं टाकून. तेवढ्यात स्पीकरवरून अरदास, पाठानंतरची प्रार्थना, सुरू झाली. रोट्या शेकणाऱ्या बायका हातातलं टाकून उभ्या राहिल्या, हात जोडून, डोकी झाकून. अरदासला आपण जिथे असू तिथे उभं राहतो. मी तापातही उभी राहिले आहे.

मी उठले नाही. दुपट्ट्याचं टोक त्याच्या कानावर धरलं आणि शेवटपर्यंत बसून राहिले. हे पत्र कोणाकडे जायचं नाही, म्हणून एवढं लिहिते, की पोर जागं होईल ही तर सबब होती. मला उठावंसंच वाटलं नाही.