ॲक्सिलरेटर, सर्व प्रकारचे

८ डिसेंबर, सोमवार

बोर्ड आला. डोकं फिरलं!

सुकदेव पेंटरला मी फोनवर दोनदा सांगितलं होतं — वर ‘खान्देश ॲक्सिलरेटर’, खाली ‘सर्व प्रकारच्या नव्या उद्योगांसाठी’. त्याने वरची ओळ एवढी दांडगी काढली की खाली जागाच उरली नाही. मग जेवढं मावलं तेवढं लिहिलं. ‘सर्व प्रकारचे’. बस. पुढे काही नाही! लाल पत्र्यावर पिवळी अक्षरं, तीही धुळ्याच्या हायवेला, दोन्हीकडे गॅरेजवाले आणि टायरवाले. म्हटलं, "सुकदेवभाऊ, हे काय केलंत?" तर म्हणतो, "ताई, लांबून दिसतं ना?"

दिसतं. टोलनाक्यावरून दिसत असेल.

माझा भागीदार हितेंद्र हसून हसून पायरीवर बसला. मला तेव्हा त्याचाच जास्त राग आला.

९ डिसेंबर

सकाळपासून तिघं आले. तिघांनाही गाडीची ॲक्सिलरेटर केबल हवी होती.

१२ डिसेंबर

आज पहिला वर्ग झाला. झाला म्हणजे, झाला एकदाचा.

पप्पांनी भुसावळहून फोन केला. "जयभीम. आता एकदा नीट सांग, तू तिथे करते काय?" सांगितलं. ज्यांच्याकडे चालू शकेल असा छोटा धंदा आहे, पण पुढे सरकत नाही, अशांना बारा आठवडे इथे बसवायचं. गिऱ्हाईक कसं शोधायचं, माल कसा सुधारायचा, कुठे चुकतंय, सगळं बघायचं. शेवटी चार मोठ्या माणसांसमोर उभं करायचं. पप्पा म्हणाले, "आणि यासाठी पुण्याची नऊ वर्षांची नोकरी सोडली." विचारलं नाही, नुसतं म्हणाले. ते जास्त लागतं.

फॉर्म भरून घेतलेल्या सहा टीम आहेत. सहाच हव्यात, कमी चालणार नाही. कारण ही जागा रतिलालभाऊंची. त्यांच्या बंद पडलेल्या तेलगिरणीचं गोडाऊन. हितेंद्र फैजपूरचा, त्याच्या वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून मिळालं. पण रतिलालभाऊ शब्दाचे पक्के आणि तोंडाचे फटकळ. "सहा जण सुरू करतील म्हणता ना? अठ्ठावीस फेब्रुवारीला मी येऊन बसेन. सहा दिसले तर जागा तुमची. पाच दिसले तर कांद्यावाला केव्हाचा मागे लागलाय." बोलून झाल्यावर चहासुद्धा घेतला नाही.

१९ डिसेंबर

पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमचा मेल. ‘तुझी जागा मार्चपर्यंत रिकामी ठेवते आहे. दोन मार्चला कळव.’

हितेंद्रला सांगितलं नाही. नाही म्हणूनही कळवलं नाही. का नाही कळवलं, हे मला माहीत आहे, आणि ते इथेही लिहायचं नाही.

२४ डिसेंबर

दारावर कागद लावला — ‘येथे केबल मिळत नाही’. काही उपयोग नाही. लोक कागद वाचतात आणि आत येऊन विचारतात, "मग कुठे मिळते?"

आज एक ट्रकवाला आला. साठीचा, पांढऱ्या मिशा, डोक्याला रुमाल. "ओ ताई, केबल शे का?" आहे का, असं विचारत होता. मी तेव्हा मयुरीला, ज्वारीचे पापड करणाऱ्या टीममधल्या मुलीला, काहीतरी समजावत होते. तोंडातून गेलंच, "नाही हो! वाचता येत नाही का?" तो शांतपणे म्हणाला, "येस नही, ताई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसवलं, चहा दिला. नाव बन्सीलाल. शिरपूरकडचा, केळीचा ट्रक घेऊन वाशीला जातो. जाताना म्हणाला, "बोर्ड भारी शे."

२ जानेवारी

जितेंद्रची टीम गेली. पाणी मोजायचं यंत्र बनवत होते, आमची सगळ्यात हुशार पोरं. तिघांनाही पुण्यात नोकऱ्या लागल्या. जितेंद्र म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी समजून घ्याल." समजून घेतलं. हसून निरोप दिला. मग मागच्या भिंतीला टेकून रडले, खोटं कशाला लिहू!

पाच राहिले.

६ जानेवारी

बन्सीलालभाऊ पुन्हा आले. हातात चार केबली! माझ्यासमोर भिंतीत खिळा ठोकला आणि टांगल्या. "लोक येतस, रिकामा हात जातस. बोर्ड खोटा पडाले नको."

आधी चिडले. मग मलाच हसू आलं. माणसाला वाटलं, बोर्ड लिहिलाय तर तो खरा व्हायला हवा!

त्यांना सोडायला बाहेर गेले तर ट्रकचा फाळका उघडा होता. केळीच्या घडांखाली सगळे ट्रकवाले वाळलेली पानं अंथरतात. यांच्या गाडीत गाद्या होत्या. जुन्या साड्यांच्या, जाड, हाताने शिवलेल्या. दाबून पाहिलं, आत कापूस नव्हता. "मन्ही बायकोनी शिवेल शे," म्हणाले. केळी काढल्यावर खोडं बांधावर फेकतात, त्याचा धागा ती काढते, वाळवते आणि भरते. घाटात कितीही दणके बसले तरी माल काळा पडत नाही. दुसऱ्या ट्रकवाल्यांनीही मागून नेल्यात.

मी विचारलं, "किती?" ते बोटं मोजायला लागले. दोन्ही हात संपले, तरी मोजतच होते. मी हितेंद्रला एवढ्या जोरात हाक मारली की शेजारचा टायरवालाही धावत आला.

८ जानेवारी

बन्सीलालभाऊंच्या बायकोला, भागाबाईंना भेटायला त्यांच्या घरी गेलो. अंगणात धागा वाळत टाकलेला, दोरीवर, कुंपणावर, बाजेवरसुद्धा. बाई साठीला टेकलेल्या, बारीक, हात मात्र मजबूत. मी बारा आठवड्यांचं सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तू कुठली ओ पोर?"

भुसावळची. रेल्वे कॉलनीतली.

"मंग आपली भाषा बोलत का नई?"

काय सांगणार? घरी ती भाषा बोलले की मम्मी रागवायची, नीट बोल, शाळेत हसतील. पुढे पुण्यात मीच लपवली. समजतं सगळं. पण बोलायला गेलं की आतून कुणीतरी कान धरतं. म्हटलं, "येत नाही." त्या म्हणाल्या, "भाषा येईन. मीपण येईन. पन भाषण नई देनार. माले भाषण देता येस नही."

सहा झाले!

१४ जानेवारी

संक्रांत. भागाबाईंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. ‘गोड बोला’ म्हणाल्यावर हितेंद्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "यांना दोनदा द्या."

२९ जानेवारी

भागाबाई वर्गात शेवटच्या बाकावर बसतात, शिवणकाम घेऊन. मला आधी वाटायचं, ऐकत नाहीत. आज मी विचारलं, ‘तुमचं गिऱ्हाईक नक्की कोण?’ सगळ्यांनी लांबलचक उत्तरं दिली. भागाबाई सुई न थांबवता म्हणाल्या, केळीचा व्यापारी नव्हे. माल काळा पडला तर व्यापारी ड्रायव्हरला धरतो. बोलणी ड्रायव्हर खातो. म्हणून गादी ड्रायव्हर घेतो.

डिंपल लोणच्याची टीम चालवते. ती एकदम ताठ बसली. "मॅडम, मग माझं गिऱ्हाईक दुकानदार नाही. डबा भरणारी बाई आहे!"

मी आठ दिवस हेच घोकवत होते. बाईंनी एका टाक्यात शिकवलं.

खिळ्यावरच्या दोन केबली गेल्या. गेल्या त्या बन्सीलालभाऊंनी पुन्हा आणून लावल्या.

१५ फेब्रुवारी

पप्पा आले. न सांगता. पॅसेंजरने आणि मग बसने. बाहेर उभे राहून बोर्ड दोनदा वाचला. मला वाटलं आता ऐकवणार. तर केबलींच्या खिळ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या इंजिनाला ॲक्सिलरेटर नसतो. नॉच असतो, हँडलचे टप्पे. आठ नॉच."

पस्तीस वर्षं इंजिन चालवलं त्यांनी, मला कधी काही सांगितलं नव्हतं. आज गोडाऊनमध्ये खुर्चीवर बसून सगळ्या टीमना सांगत होते. मालगाडी उभी असेल ना, तर एकदम आठव्या नॉचवर नाही न्यायची. चाकं जागच्या जागी फिरतात. पहिला नॉच द्यायचा, थांबायचं. डबे एकेक करून ताणले जातात, मागचा डबा हलला की दुसरा नॉच. "पहिल्या नॉचला बाहेरून काही दिसत नाही," म्हणाले. "पण गाडी तिथेच सुटते."

जाताना मला म्हणाले, "पुण्याचं मी पुन्हा विचारणार नाही." मेलचं त्यांना माहीत नाही!

२६ फेब्रुवारी

भागाबाई शनिवारी येणार नाहीत! "गाडी भरनी शे," एवढंच. मी समजावलं, हात जोडले, शेवटी आवाज चढला. "भाषण देऊ नका, नुसत्या उभ्या राहा! नाहीतर जागा जाईल!" त्या म्हणाल्या, "मी उभी राहीसन काय करू? बठ्ठं मालमाच दिखस." सगळं मालातच दिसतं, म्हणे. आणि पिशवी उचलून गेल्या.

हितेंद्र माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे त्याचं. एवढ्या मोठ्या बाईवर ओरडायचं असतं का? मेल उघडला. ‘येते’ असं लिहिलं. पाठवलं नाही. तसाच ठेवला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आजच लिहायला हवं.

रतिलालभाऊ बरोबर अकराला पहिल्या रांगेत येऊन बसले. त्यांच्याबरोबर जळगावचे दोन व्यापारी आणि इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर. मयुरी बोलली, छान बोलली. डिंपलने बरण्या फिरवल्या, लोकांनी बोटं चाटली. पाचवी टीम संपली. रतिलालभाऊंनी हाताची पाच बोटं पाहिली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि म्हणाले, "झालं?"

मी तोंड उघडलं आणि फोन वाजला. बन्सीलालभाऊ.

"ताई, केबल तुटनी! पांझरानं पुलवर उभा शे. गाडीमा माल शे, भागाबाई शे. केबल शे का?"

मी खिळ्याकडे पाहिलं. एकच उरली होती. आणि माझ्या तोंडातून, कुणाच्याही परवानगीशिवाय, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढं जोरात निघालं — "शे!"

हितेंद्र केबल गळ्यात अडकवून मोटारसायकलवर सुटला. रतिलालभाऊ उठायला लागले. मी म्हटलं, "भाऊ, बसा. सहावी टीम पुलावर आहे." का कोण जाणे, ते बसले. पाऊण तास! कॉलेजच्या सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी पाणी विचारत फिरत होते.

ट्रक दारात येऊन थांबला. भागाबाई उतरल्या, पदर खोचलेला, हात काळे. त्यांनी खरंच गाडी भरली होती. अर्धी गादीवर, अर्धी पानांवर. आणि दोन दिवस नवराबायकोने ती जिल्ह्यातल्या सगळ्यात वाईट रस्त्यांवर फिरवून आणली होती. न सांगता! मी त्यांच्यावर ओरडले होते, आणि त्या हे करत होत्या.

भाषण झालंच नाही. त्यांनी फाळका पाडला आणि बाजूला झाल्या. रतिलालभाऊ स्वतः चाक पकडून वर चढले. पानांवरचा घड काढला, काळे डाग. गादीवरचा काढला, फिरवून फिरवून पाहिला. मग तिथेच, ट्रकमध्ये उभं राहून, एक केळं सोललं आणि खाल्लं. जळगावचे व्यापारी आधीच भागाबाईंभोवती जमले होते.

खाली उतरून रतिलालभाऊंनी दुसऱ्या हाताचं बोट पाचांना जोडलं. सहा. "कांद्यावाल्याला सांगतो, दुसरी जागा बघ." मग मला, "चहा शे का?"

भागाबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "फोनवर बोलनी ना तू आज आपली भाषा!"

१ मार्च

सुकदेव पेंटर आला. बोर्ड दुरुस्त करून देतो म्हणाला, खर्च त्याचा. म्हटलं, हात लावू नका.

२ मार्च, सोमवार

दहा वाजता पुण्याहून मॅडमचा फोन. "मग? येतेस ना?" तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली, नंदुरबारची बस पकडून आलेली, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. बोर्डाकडे बघून आत आली. मी सवयीने खिळ्यावरची, बन्सीलालभाऊंनी कालच आणून लावलेली केबल काढून तिच्यापुढे धरली.

ती म्हणाली, "केबल नको ओ ताई. फॉर्म शे का?"

मी फोनवर म्हटलं, "नाही येत, मॅडम." आणि तिला म्हटलं, "शे. बस."